पुखराज शेठांची खिचडी

पुखराज शेठांनी गरम बट्टी दोन्ही तळहातांत धरून फोडली, मारेकच्या ताटात टाकली आणि तो काही बोलायच्या आत तिच्यावर तुपाची धार सोडली. मारेक हा पोलंडच्या युवा संघाचा कप्तान. पोरगं मांडी घालून बसलं होतं, तरी त्याचं डोकं वाढणाऱ्याच्या कमरेच्या वर येत होतं. त्याने ताटावर हात आडवा धरला. शेठांनी तो हात प्रेमाने बाजूला सारला.

“ही एक आमच्या जळगावच्या नावाची,” शेठ म्हणाले. “सुरेशचंद, सांग त्याला.”

सुरेशचंद शेठांचा धाकटा मुलगा, आणि त्या घरात इंग्रजी येणारा तेवढा एकच. त्याने सांगितलं. मारेकने मान डोलावून बट्टी संपवली. मग एक पोलंडच्या नावाची झाली, एक त्याच्या आईच्या नावाची झाली, आणि आईच्या नावाची खाल्ली तर बापाने काय घोडं मारलं होतं, म्हणून तीही झाली. मागून चुरम्याचे लाडू आले. पंगतीतल्या सगळ्या पोरांचे कान लाल झाले होते. ती घाम पुसत होती, हसत होती आणि खात होती. पोटावर हात ठेवून कोणी नको म्हटलं की शेठांना अधिकच हुरूप यायचा. त्यांच्या घराण्यात पाहुण्याचं पहिलं नको म्हणजे लाज, दुसरं नको म्हणजे रीत, आणि तिसऱ्याकडे कोणी लक्ष देत नसे.

शेठांचे आजोबा मारवाडातून आले आणि दाणाबाजारात त्यांनी डाळीची पेढी टाकली. तिकडची बाटी इथे आल्यावर बट्टी झाली आणि शेठही पक्के खानदेशी झाले, पण आग्रह मात्र तिकडचा राहिला. त्या हिवाळ्यात युवकांच्या आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धेचा एक गट जळगावच्या वाट्याला आला, तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचं कोण बघणार असा प्रश्न समितीत निघाला. सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. शेठांना व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जाळीवरून बॉल पलीकडे गेला पाहिजे, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण परदेशातून लेकरं येणार आणि ती आपल्या अंगणात जेवणार, या आनंदात त्यांनी आठवडाभर आधी गहू जाडसर दळून आणला होता.

त्या दुपारी चार वाजता पोलंडचा सामना श्रीलंकेशी होता. पेपरवाल्यांनी आधीच लिहून टाकलं होतं की हा सामना अर्ध्या तासात उरकेल. तो उरकला नाही. मारेक जाळीपाशी यायचा, दोन्ही हात वर करायचा आणि पाय जमिनीवरच राहायचे. एक पोरगा तर सर्व्हिस मारायला गेला आणि मधेच उभं राहून त्याने जांभई दिली. श्रीलंकेची चपळ पोरं जिंकली आणि स्वतःच चकित होऊन एकमेकांकडे बघत राहिली. पोलंडच्या प्रशिक्षकांनी हवा मानवली नाही असा निष्कर्ष काढला. जेवायला तेही पंगतीत होतेच, लाडूही त्यांनी मागून घेतला होता. बट्टीवर आळ घ्यायला त्यांची जीभ रेटली नसावी.

गावाला मात्र निष्कर्ष काढायला वेळ लागला नाही.

“शेठनी बट्टी जिंकनी,” म्हणजे शेठांच्या बट्टीने सामना मारला, असं मैदानाच्या फाटकापाशी कोणीतरी म्हणालं आणि तासाभरात ते दाणाबाजारात पोहोचलं. पानाच्या टपरीवर, चहाच्या गाड्यावर, जो तो शेठांना हात जोडू लागला. शेठ आधी हसले. मग घरी येऊन ओट्यावर बसले आणि ते हसू विरलं. म्हणजे आपल्या घरचं अन्न पाहुण्याला बाधलं. आपण प्रेमाने वाढत होतो आणि ती लेकरं आपल्यामुळे हरली.

“ज्यादा झालं का गं?” त्यांनी बायकोला विचारलं.

राजकुंवर तूर निवडत होती. “आपल्या घरी कमी कधी झालंय?” ती म्हणाली.

एक दिवस सोडून, दुपारी दोनला, पोलंडचा सामना भारताशी होता. जो जिंकेल तो पुढच्या फेरीसाठी मुंबईला जाणार आणि हरेल तो घरी. भारताच्या संघात कौतिक होता. तापीकाठच्या जीवराम पाटलाचा पोरगा. केळीच्या बागेत दोन खांबांना दोर बांधून खेळायला शिकलेला आणि थेट देशाच्या संघात पोहोचलेला. त्यामुळे सामन्याच्या सकाळी पेढीवर जो आला तो डाळ घ्यायला आलाच नाही. धुळ्याचे भाईदास आले. ते समितीत होते, धुळ्याला पोरांना खेळ शिकवायचे, आणि कौतिकला सुरुवातीला त्यांनीच घडवला होता.

“बठ्ठं गाव तुमनं नाव लई ऱ्हायनं, शेठ,” भाईदास गादीवर टेकत म्हणाले. “आज बी तसंच व्हवू द्या.”

“तसंच म्हणजे?”

“म्हनजे पाहुनचार. त्यामा काय पाप शे?” भाईदासांनी डोळा मारला आणि चहा न घेता उठले.

शेठ इकडे आड तिकडे विहीर अशा अवस्थेत बसून राहिले. पोटभर घातलं तर पाहुण्यांशी दगा होतो, कमी घातलं तर वाडवडिलांची रीत मोडते. शिवाय देश आपला, पोरगा आपला. त्यांनी तीनदा तराजूची दांडी पुसली. तेवढ्यात दारात जीवराम दिसला. खांद्यावर केळीच्या पानांत गुंडाळलेला घड, डोक्याला टोपी, पायांत धुळीने पांढऱ्या पडलेल्या वहाणा. वर्षानुवर्षं आपली तूर तो याच पेढीवर घालत आला होता. हा बाप आहे, हाही तेच मागणार, आणि याला आपल्याच्याने नाही म्हणवणार नाही, हे शेठांनी ओळखलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“शेठ, एक मागनं हाये,” जीवराम म्हणाला.

“बोल.”

“त्यायले आज हलकं जेवू घाला.”

शेठांनी डोळे उघडले.

“पोऱ्या परवापासून धड जेवला नही,” जीवराम सांगत होता. “म्हनते, बाबा, आम्ही जिंकलो तं लोक म्हनतीन बट्टी जिंकली. हरलो तं म्हनतीन बट्टी खाऊ घालूनबी हरले. मंग मी इतके वर्सं उड्या कायले मारल्या? काय सांगू मी त्याले?”

“जीवरामभाऊ, पाहुण्याला अर्धपोटी उठवू? माझ्या घरून?”

“पाप लागलं तं माह्या माथी.” त्याने घड खाली ठेवला आणि पानं बाजूला केली. पिवळीजर्द, टपोरी केळी होती. “हे घ्या. केळं अंगाले लागते, पोटाले जड होत नही. कौतिक हेच खाऊन खेळते. त्यायलेबी हेच द्या. बरोबरीचं झालं पाह्यजे.”

शेठांनी घडावरून हात फिरवला. मग घड नीट उचल म्हणून ते उगीच नोकरावर खेकसले.

घरी हे सांगणं सोपं नव्हतं.

“मुगाची खिचडी?” राजकुंवर म्हणाली. “घरात आजारी कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग पाहुण्यांना आजाऱ्याचं जेवण? आणि मी बट्ट्या लावून बसलेय त्यांचं काय?”

“झाकून ठेव.”

तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांनी जीवरामचं सगळं सांगितलं, आणि ती मूग धुवायला उठली. पण बट्टीचं पातेलं तिने कोठीत ठेवलं नाही. पंगतीच्या टोकालाच, पांढऱ्या फडक्याखाली ठेवलं. इतकी वर्षं ते तिथेच असायचं.

पंगत बसली. प्रत्येकाच्या ताटात खिचडीचा लहानसा ढीग, वाटीभर ताक आणि दोन केळी. पोलंडच्या पोरांनी ते दोन मिनिटांत संपवलं आणि खरं जेवण कधी येतंय म्हणून वाट बघत बसली. कोणी येईना. वाढपी भिंतीला टेकून उभे, राजकुंवर पाठमोरी, आणि शेठ पातेल्याजवळ पाटावर बसलेले. फडक्याखालून वास येत होता. मारेकने वास घेतला, शेठांकडे पाहिलं आणि ताट उचलून दोन्ही हातांनी पुढे केलं.

“बट्टी?” तो म्हणाला. उच्चार अगदी स्वच्छ होता.

शेठांच्या आयुष्यात त्यांच्या दारी कोणी असं ताट पुढे केलं नव्हतं. त्याआधीच ते भरलेलं असायचं. त्यांचा हात सवयीने फडक्याकडे गेला. तिथे पोहोचल्यावर त्यांनी दुसराही हात नेला, दोन्ही पंजे पातेल्यावर पालथे ठेवले, आणि कोंबडी अंड्यांवर बसते तसे ते त्याच्यावर वाकले.

“नो,” पुखराज शेठ म्हणाले. आवाज चिरका निघाला. “नो बट्टी.”

मारेकला वाटलं ही थट्टा आहे. तो हसला. शेठ हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा त्या मोठ्या पोराने ताट हळूच मागे घेतलं, तिसरं केळं मागून खाल्लं आणि तो मैदानावर गेला. राजकुंवरने पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की हसत होती हे शेठांनी बघितलं नाही.

कॉलेजच्या मैदानावर माणूस मावत नव्हता. बांबूच्या गॅलऱ्या करकरत होत्या, झाडांवर माणसं होती. पहिल्याच सर्व्हिसनंतर मारेक जाळीपाशी उडाला, आणि असा उडाला की त्याचा कोपर जाळीच्या वर दिसला. त्याचा स्मॅश जमिनीला लागून थेट गॅलरीत आला. सगळं मैदान गप्प झालं. त्या शांततेत एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या.

भाईदास वळून बघू लागले. “शेठ, तुम्ही कोनाकडना शेतस?”

“काय उडाला पोरगा,” शेठ म्हणाले. त्यांच्या जिवावरचा धोंडा उतरला होता. पोटं हलकी होती. आता काय व्हायचं ते होवो.

पहिला सेट पोलंडने घेतला. लोकांची तोंडं पडली. दुसऱ्यात कौतिकला लय सापडली. सडपातळ, काळासावळा, उंचीने मारेकच्या कानाला लागणारा पोरगा, पण हवेत गेला की खाली यायची त्याला घाई नसायची. ब्लॉकच्या हातांवरून, हातांमधून, कधी नुसता बोटांनी बॉल ठेवून तो गुण घेत होता. सेट इकडे, सेट तिकडे, असं करत पाचव्यावर आलं. शेठ दोन्ही बाजूंच्या प्रत्येक चांगल्या फटक्याला टाळ्या वाजवत होते आणि आजूबाजूचे त्यांच्याकडे संशयाने बघत होते. शेवटचा बॉल कौतिककडे उंच आला. समोर मारेक आणि आणखी एक, अशी चार हातांची भिंत. कौतिक उडाला, थांबला, आणि त्याने भिंतीच्या कडेला बॉल असा कापला की तो तिरपा जाऊन रेषेच्या आत पडला.

मग काय विचारता. टोप्या उडाल्या, ताशा वाजला, जीवराम कुठल्या तरी परक्या माणसाच्या गळ्यात पडून रडला. आणि कौतिकला खांद्यावर घेतलेल्या लोकांनी मागे वळून पुखराज शेठांनाही उचललं.

“बट्टीनी काम करी टाकं,” भाईदास ओरडत होते.

“अहो, बट्टी नव्हती,” शेठ वरून सांगत होते. “खिचडी होती. मुगाची. खाली उतरवा मला.”

“कळलं, शेठ, कळलं. खिचडीच होती.” आणि सगळे एकमेकांकडे बघून हसले.

शेठांना पहिल्यांदा कळलं की माणसाचा चांगला लौकिक किती वाईट असतो. पुखराज शेठ पाहुण्याला नाही म्हणाला, हे जळगावात शेंबडं पोरही खरं मानणार नव्हतं. त्यांनी सुरेशचंदला साक्षीला काढलं, तर लोक म्हणाले, मुलगा बापासारखाच बोलणार. जीवरामला काढलं, तर म्हणाले, बाप पोराचंच म्हणणार. शेवटी गर्दीतून वाट काढत ते कौतिकपाशी आले. पोरगा हार गळ्यात घालून उभा होता आणि हार दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा चाचपत होता. त्याने वाकून शेठांच्या पायांना हात लावला.

“तुमचे उपकार, शेठजी,” तो म्हणाला.

शेठांनी त्याला खांद्यांना धरून उभं केलं. “बेटा, महावीर स्वामींची शपथ. त्यांना मी खिचडी वाढली. अन् तुझ्या बाबांची केळी.”

“हो, शेठजी,” कौतिक म्हणाला. मोठ्यांना हो म्हणतात तसं तो हो म्हणाला, आणि लोकांनी त्याला पुन्हा उचलून नेलं.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची शेठांच्या घरची रीत. सामना संपला तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं. शेठांनी दोन्ही संघांना जेवायचं आवतण दिलं आणि पोरं न्हाऊन माखून आली. समोरासमोर दोन पंगती बसल्या. जीवरामला ओढून आणून बसवला, भाईदास न बोलावता आले. राजकुंवरने दुपारच्या बट्ट्या निखाऱ्यावर पुन्हा खरपूस केल्या होत्या आणि नव्याही लावल्या होत्या. तुपाची बरणी नवी फोडली होती. आता कोणाचा सामना नव्हता आणि कोणाचं भय नव्हतं.

कौतिक पंगतीच्या शेवटी बसला होता. सगळे त्याच्या नावाने हाका मारत होते, तो हसून बघत होता आणि ताटातली बट्टी बोटांनी लहान लहान करत होता. एकही तुकडा तोंडात गेला नाही. शेठ तूप घेऊन त्याच्यासमोर आले आणि घुटमळले. ज्या बट्टीने पोराचं श्रेय खाल्लं तीच घे म्हणायला त्यांना तोंडच राहिलं नव्हतं. ते तसेच पुढे सरकले.

मारेकच्या समोर आले, तर ताट रिकामं. एकही बट्टी घेतलेली नाही. शेठ गोंधळले.

तेव्हा मारेक उठला. त्याने भारताच्या पंगतीसमोरून बट्टीचं पातेलं ओढत मध्ये आणलं, सगळ्यांना थांबा अशी खूण केली, आणि ताट पुढे करून बारीक आवाजात म्हणाला, “बट्टी?” मग चटकन पातेल्यामागे जाऊन बसला. गाल फुगवले. एवढं मोठं धूड पाटावर आखडून बसलं, दोन्ही पंजे पातेल्यावर पालथे ठेवले, त्याच्यावर छाती टेकेस्तोवर वाकलं, आणि डोळे ओले करून, चिरक्या आवाजात म्हणालं,

“नो. नो बट्टी.”

पोलंडची अख्खी पंगत हसून आडवी झाली. दोघा-तिघांनी केळं सोलल्याची नक्कल केली, एकाने रिकामं ताट चाटून दाखवलं. राजकुंवर पदराआड हसत भिंतीला टेकली. मारेकने शेठांकडे बोट दाखवलं आणि ते दुष्ट माणसाकडे दाखवतात तसं हलवलं. भाईदासांचा घास हातातच राहिला.

“म्हनजे खरंच?” ते म्हणाले. “खरंच खिचडी?”

शेठांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते कौतिककडे बघत होते.

कौतिक हसत नव्हता. तो मारेककडे बघत होता, मग शेठांकडे, मग बापाकडे. जीवराम खाली मान घालून जेवत होता. त्याला जे सांगायचं होतं ते तो पोराला दुपारीच सांगून चुकला होता, आणि पोराने त्यालाही नुसतं हो म्हटलं होतं. कौतिकने आपला उजवा तळवा वर करून पाहिला. शेवटचा बॉल मारलेला हात. तळवा अजून लाल होता. त्याने तो हळूच मांडीवर पुसला, ताटातला बट्टीचा चुरा एकदम मुठीत घेऊन तोंडात कोंबला, आणि तोंड भरलेलं असतानाच ताट पुढे केलं.

“शेठजी, इकडे या ना,” तो म्हणाला. “कडाडून भूक लागली हो.”

पुखराज शेठ लगबगीने गेले. गरम बट्टी दोन्ही हातांनी फोडली, तूप ओतलं, वरण घातलं. कौतिक बस म्हणाला, तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही.